घर नाही म्हणून हक्क संपत नाहीत : बेघर माणसासाठी राज्यघटना काय म्हणते, कोर्ट काय म्हणतं आणि घरकुलासाठी नेमकं काय करायचं?

दुसरबीड (ता. सिंदखेडराजा) : बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मुंबईचा फूटपाथ नाहीतर रेल्वे स्टेशन येतं. गावात कोणी बेघर नसतं, असं आपण धरून चालतो. पण जरा आठवून पाहा. बसस्टँडच्या शेडमध्ये रात्र काढणारा म्हातारा, मंदिराच्या ओट्यावर संसार मांडलेली परित्यक्ता, ई-क्लासच्या जमिनीवर पाल ठोकून राहणारी भटकी कुटुंबं, वीटभट्टीवरच्या कच्च्या विटांच्या खोपटात राहणारे मजूर, दिवाळी झाली की कोयता घेऊन निघणारी आणि सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहणारी माणसं. ही सगळी आपल्याच तालुक्यात दिसतात. कोणाचं नाव यादीत असतं, कोणाचं नसतं. कोणाचं घरकुल मंजूर असतं, पण बांधायला जागाच नसते.

अशा माणसांचे हक्क कोणते, ते कुठे लिहिलेत आणि मिळवायचे कसे, याची माहिती एका जागी मिळावी म्हणून हा लेख. लांब आहे, पण मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. आज ना उद्या गावात कोणाच्या तरी कामी येईल.

आधी माझी चूक सांगतो

मी शेतकरी आहे, गुरं पाळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारात ई-क्लासवर आठ-दहा पालं पडली. गुरं चारायला न्यायची वाट अडली. आम्ही काही शेतकऱ्यांनी अतिक्रमणाची तक्रार दिली. त्या कागदावर माझीही सही होती. पुढं रीतसर कारवाई झाली, पालं निघाली. मृग नक्षत्र लागलेलं होतं. ती माणसं पाऊसभर रस्त्याच्या पुलाखाली राहिली.

बातमीसाठी म्हणून मी तिथं गेलो. एका बाईनं बिस्किटाच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढून दिला आणि विचारलं, "भाऊ, यात काय लिव्हलं ते सांगता का?" ती नोटीस होती. म्हणणं मांडायला मुदत दिलेली होती आणि ती मुदत कधीच संपली होती. वस्तीत वाचता येणारं कोणी नव्हतं. गावातल्या कोणी वाचून दाखवली नाही, मी पण नाही. मग ती म्हणाली, "तुमी सही केली तवा आमी कुठं जावं, ते बी लिव्हलं होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं. ते शोधता शोधता जी माहिती गोळा झाली, ती खाली देतोय.

सरकार 'बेघर' कोणाला म्हणतं?

जनगणनेच्या भाषेत, जे कुटुंब कोणत्याही घरात, म्हणजे छत असलेल्या बांधकामात, राहत नाही ते बेघर. रस्त्याच्या कडेला, फूटपाथवर, मोठ्या पाईपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, मंदिराच्या मंडपात, रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणारे यात येतात. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात १७ लाख ७३ हजार बेघर निघाले. त्यातले ८ लाख ३४ हजारांच्या वर ग्रामीण भागातले होते. म्हणजे जवळपास निम्मे बेघर गावाकडचे. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या पुढं होता.

हा आकडा खरा असला तरी पुरा नाही. एका रात्रीत सगळी पालं सापडत नाहीत. शिवाय ज्याचं झोपडं सरकारी जागेवर आहे, तो कागदावर 'घर असलेला' ठरतो. त्याच्या नावावर जागा मात्र इंचभर नसते आणि झोपडं कधीही निघू शकतं. आपल्याकडं खरा प्रश्न अशाच लोकांचा जास्त आहे. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलेली आहे. त्या वेळी आपल्या गावातला एकही माणूस मोजायचा राहू नये, हे गावानंच पाहावं.

राज्यघटनेत काय लिहिलंय?

आधी खरं ते सांगू. 'प्रत्येकाला घर मिळेल' असं सरळ वाक्य आपल्या घटनेत कुठंही नाही. पण घर नसलेल्या माणसाला लागू पडणारी बरीच कलमं आहेत :

• कलम १४ : कायद्यापुढं सगळे समान. बंगलेवाला आणि पालवाला दोघांनाही एकच नियम.

• कलम १५ आणि १७ : जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही. अस्पृश्यता बंद. 'या जातीची वस्ती आमच्याजवळ नको' हे कारण कायद्यात बसत नाही.

• कलम १९ : भारतात कुठंही फिरण्याचा, राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क. म्हणजे 'तुम्ही बाहेरगावचे, निघा' असं नुसतं तोंडी सांगून कोणाला हाकलता येत नाही.

• कलम २१ : जगण्याचा हक्क. कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय तो काढून घेता येत नाही. घराच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच.

• कलम २१-क : ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. पत्ता नाही म्हणून शाळा बंद होत नाही.

• कलम ३९-क : गरिबाला मोफत कायदेशीर मदत.

• कलम ४६ : अनुसूचित जाती, जमाती आणि इतर दुर्बल घटकांच्या हिताची विशेष काळजी सरकारनं घ्यावी.

• कलम ३२६ : १८ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मतदान. त्यात घर असण्याची अट नाही.

• अकरावी अनुसूची : पंचायतींकडं द्यायच्या २९ विषयांच्या यादीत १० व्या क्रमांकावर 'ग्रामीण गृहनिर्माण' आहे. म्हणून घरकुल हा विषय निघाला की 'तो वरचा विषय आहे' असं म्हणून ग्रामपंचायतीला हात झटकता येत नाहीत.

कोर्टानं काय सांगितलं? चार निकाल

१. ओल्गा टेलिस खटला, १९८५ (मुंबई). जुलै १९८१ मध्ये बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरलं. दिवस भर पावसाळ्याचे. तमिळनाडूतल्या सेलमहून पोट भरायला आलेले अंगमुथू नावाचे भूमिहीन मजूर विलेपार्ल्याजवळ झोपडीत राहत होते. ती पाडून त्यांना सेलमच्या गाडीत बसवलं. काम नाही म्हणून ते परत मुंबईला आले. अशा लोकांच्या बाजूनं पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपल्या महाराष्ट्राचे यशवंत चंद्रचूड.

कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. पोटाचं साधन काढून घेतलं तर माणूस जगणार कसा? माणूस कामाजवळच राहतो, म्हणून राहण्याची जागा गेली की काम जातं. पण याच निकालात असंही आहे की फूटपाथ किंवा सार्वजनिक जागा अडवून राहण्याचा हक्क कोणाला नाही. हटवायचं असेल तर आधी नोटीस आणि म्हणणं ऐकून घेणं हा नियम, आणि नोटीस न देणं हा अगदी क्वचितचा अपवाद. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या काढू नका, असंही सांगितलं. निकालाचे हे दोन्ही भाग लक्षात ठेवावेत. अर्धाच सांगणारे खूप भेटतात.

२. शांतीस्टार बिल्डर्स खटला, १९९०. हाही महाराष्ट्रातलाच. कोर्टानं म्हटलं, जगण्याच्या हक्कात अन्न, वस्त्र, चांगलं वातावरण आणि राहण्याजोगा निवारा येतो. जनावराला अंग झाकण्यापुरता आडोसा पुरतो, माणसाला मात्र शरीर, मन आणि बुद्धी वाढेल अशी जागा लागते.

३. चमेली सिंग खटला, १९९५. आम्हा शेतकऱ्यांनी हा जरूर वाचावा. उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी शेतजमीन संपादित झाली. जमीनमालक कोर्टात गेले की आमचा जगण्याचा हक्क जातो. कोर्टानं संपादन कायम ठेवलं आणि निवारा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. निवारा म्हणजे नुसत्या चार भिंती नाहीत. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, हवा, पाणी, वीज, सफाई आणि रस्ता हे सगळं त्यात येतं.

४. 'बुलडोझर' निकाल, १३ नोव्हेंबर २०२४. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचा. गवई साहेब आपल्या विदर्भाचेच, अमरावतीचे. पुढं ते सरन्यायाधीशही झाले. घर पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवावी आणि बांधकामावरही चिकटवावी, कारण लिहावं, समक्ष म्हणणं ऐकावं, लेखी आदेश द्यावा, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस थांबावं आणि पाडकामाचं व्हिडिओ शूटिंग करावं, असं ठरवून दिलं. मात्र रस्ता, गल्ली, फूटपाथ, रेल्वे रूळालगत, नदी किंवा पाणवठ्याची जागा आणि जिथं कोर्टाचाच पाडण्याचा आदेश आहे, तिथं हा निकाल लागू नाही. म्हणून नाल्याच्या पात्रात किंवा रस्त्यावर घर असेल तर याच्या भरवशावर बसू नका.

ई-क्लास आणि गायरानाचं काय?

आपल्या भागात भांडणाची जड इथंच आहे. गुरांना चराई पाहिजे आणि भूमिहीनाला पाठ टेकायला जागा पाहिजे. दोघंही खरे.

२८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. मोठ्या लोकांनी बळकावलेल्या जमिनींवर कोर्टाचा रोख होता. त्याच निकालात अपवादही आहे : सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय आधीच असेल, तर नियमित करता येतं. या निकालानंतर १२ जुलै २०११ ला राज्य शासनानं गायरानाबाबत कडक निर्णय काढला.

पुढं ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. राज्यात अशी सुमारे २ लाख २२ हजार बांधकामं असल्याचं समोर आलं. नोव्हेंबरमध्ये गावोगाव नोटिसा गेल्या, मोर्चे निघाले आणि गरिबांची राहती घरं काढणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं.

नियमानुकूल करण्याचा रस्ता : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली सरकारी जागेवरचं अतिक्रमण काढता येतं, तर कलम ५१ खाली ते नियमानुकूलही करता येतं. 'सर्वांसाठी घरे' धोरणात राज्य सरकारनं १६ फेब्रुवारी २०१८ ला ग्रामीण भागासाठी निर्णय घेतला. त्यानुसार १ जानेवारी २०११ पूर्वीपासून सरकारी जागेवर स्वतः राहणाऱ्यांचं राहत्या घराचं अतिक्रमण नियमानुकूल करण्याची सोय झाली. दुकान, गोठा, गोदाम, शेती यात बसत नाही. जागा कोणत्या प्रकारची आहे, यावर बरंच अवलंबून असतं. प्रस्ताव ग्रामपंचायतीतून जातो आणि महसूल व पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांची समिती तपासणी करते.

पुराव्याला हे कागद कामी येतात : ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या, लाईट बिल, त्या वेळच्या मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला. जुनी पावती फाटकी असली तरी फेकू नका.

एक इशारा. सरकारी जागेवर स्वतःचं किंवा कुटुंबाचं अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्यपद जाऊ शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये जनाबाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबातल्या व्यक्तीचं अतिक्रमणही यात धरलं. याचा फटका गरिबालाच जास्त बसतो. ज्याला जागा नाही तो अतिक्रमणात राहतो आणि अतिक्रमणात राहतो म्हणून त्याचा माणूस ग्रामपंचायतीत बसत नाही. नियमानुकूल करून घेण्याचं हेही एक मोठं कारण आहे.

नोटीस आली तर काय करायचं?

१. कागद त्याच दिवशी कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. तारीख, कलम, कार्यालय आणि मुदत या चार गोष्टी पाहा.

२. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. किती वर्षांपासून राहतो, कुटुंबात किती जण, दुसरीकडं जागा नाही, घरकुल यादीत नाव आहे का, हे साध्या भाषेत लिहा. कागदपत्रांच्या झेरॉक्स जोडा.

३. आवक शिक्का मारलेली पोहोच घ्या. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी कबूल करत नाही.

४. तालुका विधी सेवा समितीकडं जा. वकील फुकट मिळतो.

५. पावसाळा असेल तर उत्तरात तसं लिहा आणि मुदत मागा. घरात लहान लेकरू, बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर तेही लिहा.

६. पथकाशी झटापट करू नका. गुन्हा दाखल झाला की मूळ प्रश्न बाजूला राहतो.

घरकुल : कोणासाठी कोणती योजना?

• प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) : जुन्या इंदिरा आवासच्या जागी २०१६ पासून. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्वतःकडून ५० हजारांची वाढ जाहीर केली, त्यातला काही भाग सौरऊर्जेसाठी.

• रमाई आवास : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी.

• शबरी आवास : अनुसूचित जमातीसाठी. पारधी आवास : पारधी समाजासाठी.

• यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना : विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी, २०११ पासून. वसाहत करायची असेल तर कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर अशी मूळ कल्पना. ज्या समाजांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलं आणि जे १९५२ ला कायद्यानं मोकळे झाले, त्यांना पहिल्यांदा हक्काचा पत्ता देणारी ही योजना. सगळी भटकी माणसं हौसेनं भटकत नाहीत. पाय टेकायला जागाच नव्हती, म्हणूनही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

• मोदी आवास : इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, २०२३ पासून.

अगदी बेघर कुटुंबाला रांगेत उभं राहायचं नाही. प्रधानमंत्री आवासच्या नियमात पाच गटांना आपोआप पात्र धरलंय : निवारा नसलेली कुटुंबं, भीक मागून जगणारे निराधार, हातानं मैला साफ करणारे, आदिम जमाती आणि कायद्यानं मुक्त झालेले वेठबिगार. ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवा. आमच्यासारख्या ओट्यावाल्या, पत्र्यावाल्या घरांची नावं वर आणि उघड्यावर झोपणारा खाली, अशी यादी झाली असेल तर ती दुरुस्त करायची जागा ग्रामसभाच आहे.

मोटारसायकल किंवा फ्रीज आहे म्हणून नाव कटायचं, ती अट २०२४ मध्ये काढली. महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. चारचाकी-तीनचाकी, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू, ५० हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, सरकारी नोकरी, आयकर भरणारा अशा अटी मात्र आहेत.

मंजुरी आहे, पण जागा नाही

गावात सगळ्यात जास्त गाडं इथं अडतं. मंजुरीचा कागद हातात आणि नावावर जागा नाही. वर्ष निघून जातं आणि 'लाभार्थी इच्छुक नाही' असा शेरा पडायची भीती असते. अशा वेळी तीन मार्ग :

१. गावठाणातली किंवा सरकारी जागा : भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणं ही राज्याची जबाबदारी आहे, असं योजनेच्या नियमातच आहे. ग्रामसभेचा ठराव आणि गटविकास अधिकाऱ्यांकडं लेखी मागणी करा.

२. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना : ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला मदत. आधी ५० हजार मिळायचे, आता मर्यादा १ लाख रुपये. रोडलगतच्या गावात आजच्या भावात एवढ्यात जागा बसत नाही, हे खरंय. पण आतल्या गावात, किंवा चार लाभार्थी मिळून एकच तुकडा घेतला तर जमू शकतं.

३. राहतं अतिक्रमण नियमानुकूल करणं : वर दिलेल्या पद्धतीनं.

'माझ्याकडं जागा नाही, पण मला घरकुल पाहिजे, जागा द्या' असं एका अर्जात लिहून पोहोच घेऊन ठेवा. मग 'इच्छुक नाही' असा शेरा कोणाला मारता येणार नाही.

पत्ता नाही, मग कागदपत्रं कशी?

• मतदान कार्ड : नमुना ६ भरा. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो माणूस खरंच तिथं झोपतो का, हे बीएलओनं रात्री जाऊन पाहायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे.

• आधार : पत्त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात सरपंचाचा दाखला चालतो.

• रेशन : कार्ड एका जागचं असलं तरी 'एक देश एक रेशन कार्ड'मुळं देशात कुठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

• शाळा : शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कामासाठी आलेली माणसं

समृद्धी महामार्ग आपल्या शिवारातून गेला. तो बांधायला परराज्यातून मजूर आले. २० ऑगस्ट २०२१ ला दुसरबीड–तढेगाव परिसरात लोखंड आणि मजूर घेऊन जाणारा टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. आपल्यातल्या कितीकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की ही माणसं इथंच आपल्याजवळ राहत होती. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यानं कामाच्या जागी मोफत तात्पुरता निवारा, पाणी आणि शौचालय देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ही मालकाची मेहरबानी नाही. आपले पोरं पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात, त्यांनाही हाच हक्क.

शहरात निवारा आहे, गावात नाही

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शहरात दर एक लाख लोकसंख्येमागं एक बारमाही रात्र-निवारा असावा, असं सांगितलं. पण हे सगळं शहरासाठी. गावातल्या बेघराला रात्री कुठं झोपवायचं, याची अशी सोय नाही. समाजमंदिर किंवा शाळेची रिकामी खोली थंडी-पावसात उघडून देणं ग्रामसभेच्या हातात आहे. त्यासाठी मुंबईच्या जीआरची वाट पाहायची गरज नाही.

तक्रार कुठं करायची?

• ग्रामसभा : वर्षातून किमान चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. विषय आधी लेखी द्या.

• ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक), मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद बुलडाणा. जागेचं काम ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी यांच्याकडं.

• मोफत वकील : तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. हेल्पलाईन १५१००. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना कमाईची अट नाही.

• माहिती अधिकार : १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ३० दिवसांत उत्तर.

• आपले जिल्हे नागपूर खंडपीठाखाली येतात. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तिथं.

अर्जासाठी कोणाला पैसे देऊ नका. घरकुलाचा हप्ता थेट खात्यात येतो. 'वरून काढून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

शेवटी

दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत घराचा हक्क अगदी स्पष्ट लिहिलेला आहे. तिथल्या आयरीन ग्रूटबूम या बाईनं २००० मध्ये सरकारविरुद्ध मोठा खटला जिंकला. त्यावर जगभर पुस्तकं निघाली. २००८ मध्ये ती वारली तेव्हाही पत्र्याच्या खोपटातच राहत होती. म्हणजे निकाल लागला म्हणून घर उभं राहत नाही. यादीत नाव घालणारा, ठराव मांडणारा, नोटीस वाचून दाखवणारा कोणीतरी लागतो, आणि तो माणूस गावातलाच असावा लागतो.

पुलाखालच्या त्या कुटुंबांपैकी काही जण नंतर निघून गेले. दोन कुटुंबं शेजारच्या गावात राहिली. त्यांची नावं मतदार यादीत आली, लेकरं शाळेत जातात. घरकुलाचा अर्ज दिलाय, पोहोच घेतलीय. जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आमची चराईची वाटही अजून मोजून मिळालेली नाही. या वेळी ग्रामसभेत आम्ही दोन्ही विषय एकाच अर्जात दिलेत : ई-क्लासची मोजणी करा, गुरांची वाट सोडा आणि गावठाणालगत या दोन घरांना जागा द्या. या अर्जावरही माझी सही आहे.

तुमच्या गावात कोणी उघड्यावर राहत असेल, तर येत्या ग्रामसभेआधी एकदा त्यांच्याकडं जाऊन या. डब्यात घडी घातलेला एखादा कागद असेल तर तो वाचून दाखवा.